एकच सुबक पीक आणि तीन वेगळी उत्तरं : हळदीतल्या कर्क्युमिनसाठी एचपीएलसी पद्धत बसवतानाचं एक प्रकरण

मसाल्यांची तपासणी करणारी एक प्रयोगशाळा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच रुजू झालेली एक विश्लेषक. तिच्याकडे आलेलं काम एका ओळीचं आहे : हळद पुडीतलं कर्क्युमिन एचपीएलसीवर मोजायची पद्धत बसवायची आणि तिचं व्हॅलिडेशन करायचं, म्हणजे ती कामाला पुरते हे सिद्ध करायचं. एचपीएलसी हे यंत्र द्रावकाच्या प्रवाहात मिश्रणातले घटक कॉलममधून, म्हणजे बारीक कण भरलेल्या नळीतून, वेगळे करून मोजतं. त्याच्या आलेखावर घटकाचा जो उंचवटा उमटतो त्याला इथे पीक (इंग्रजीतलं 'peak') म्हटलं आहे. तीन आठवड्यांत एकाच पुडीची तीन उत्तरं आली : २.९ टक्के, २.४२ टक्के आणि १.९१ टक्के. पहिल्या दोन उत्तरांच्या वेळीही कॅलिब्रेशनची (ज्ञात प्रमाणांवरून काढलेली) रेघ सरळ होती, रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्यातलं किती टक्के परत मिळालं ते) शंभराच्या आसपास होती आणि एकामागून एक यंत्रात सोडलेली इंजेक्शनं एकमेकांशी जुळत होती. सगळे निकष हिरवे असताना उत्तर चुकतं कसं, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. पीकचे आणि निकालांचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. चुका मात्र नवख्या हातून हमखास होणाऱ्या आहेत.

मोजायचं नेमकं काय?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वर्ध्याच्या वायगाव हळदीला त्याआधीच मिळालं होतं. अशा मालाचा खरेदीदार पहिला प्रश्न विचारतो तो 'कर्क्युमिन किती?' हाच. बोलताना 'कर्क्युमिन' म्हटलं जातं, पण हळदीचा पिवळा रंग तीन भावंडांचा असतो : कर्क्युमिन (रेणुभार ३६८.४), डिमेथॉक्सीकर्क्युमिन (३३८.४) आणि बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन (३०८.३). पहिल्यात दोन मेथॉक्सी गट, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात एकही नाही. बाकी सांगाडा सारखाच. तिघांना मिळून कर्क्युमिनॉइड म्हणतात. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या) मानकात हळद पुडीसाठी असलेली अट एकूण कर्क्युमिनॉइडची आहे : कोरड्या वजनावर किमान २ टक्के. खरेदीदाराच्या करारात मात्र पुष्कळदा नुसतं 'कर्क्युमिन' लिहिलेलं असतं. त्यामुळे पद्धतीला हात घालण्याआधी ग्राहकाकडून लेखी घ्यायला हवं की त्याला एकट्या कर्क्युमिनचा आकडा हवा की तिघांची बेरीज, आणि तो आहे त्या पुडीवर हवा की कोरड्या वजनावर. इथे हे विचारलं गेलं नव्हतं. पुढच्या निम्म्या गोंधळाचं मूळ तिथंच आहे.

बेरीजच हवी असेल तर ४२५ नॅनोमीटरवर स्पेक्ट्रोफोटोमीटरनंही (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रानंही) काम भागतं, मसाला व्यापारात ती पद्धत अनेक वर्षं चालत आली आहे. पण स्पेक्ट्रोफोटोमीटर तिघांना वेगळं करत नाही. भेसळीचा मेटॅनिल यलो हा रंगही जवळपास त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतो, म्हणजे भेसळ करणाऱ्याच्या मालात 'कर्क्युमिन' उलट जास्त दिसतं. एचपीएलसीवरचा खर्च सार्थकी लागतो तो याच ठिकाणी. मात्र एचपीएलसीनं पीक वेगळे केले तरच.

पहिला प्रयत्न : २.९ टक्के

कॉलम सी-१८, २५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावक) मेथनॉल आणि पाणी ८०:२०, आम्ल नाही. प्रवाह मिनिटाला १ मिली, डिटेक्टर ४२५ नॅनोमीटरवर. ३.६ मिनिटांना एक टोकदार, देखणा पीक. धाव पाच मिनिटांत संपते. आर-वर्ग (कॅलिब्रेशनची रेघ किती सरळ ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९९९८, सहा इंजेक्शनांचं आरएसडी (सरासरीच्या टक्क्यांत विखुरणं) ०.४ टक्के, रिकव्हरी ९९.६ टक्के. पीडीए (एकाच वेळी अनेक तरंगलांबींवर मोजणाऱ्या) डिटेक्टरच्या सॉफ्टवेअरनं पीक शुद्ध असल्याचा शेराही दिला.

नवख्या माणसाला इथे थांबावंसं वाटणं स्वाभाविक आहे. थांबू नये, कारण आधी एक छोटा हिशेब करायचा राहिला आहे. कॉलममधल्या कणांच्या मधली आणि आतली मोकळी जागा रिकाम्या नळीच्या साधारण ६५ टक्के धरतात. त्रिज्या ०.२३ सेंमी, लांबी २५ सेंमी, म्हणजे नळीचं आकारमान ४.१५ मिली आणि मोकळी जागा सुमारे २.७ मिली. मिनिटाला १ मिली प्रवाहानं कॉलमला अजिबात न चिकटणारा पदार्थ २.७ मिनिटांना बाहेर पडेल. आपला पीक ३.६ ला आला. पदार्थ कॉलमवर किती थांबला याचं माप म्हणजे रिटेन्शन फॅक्टर = (३.६ − २.७) ÷ २.७ = ०.३३. याचा अर्थ पदार्थ कॉलमवर नीट बसलाच नाही, दारातून आला तसा निघून गेला. हा आकडा २ च्या वर असावा ही जुनी आणि रास्त अपेक्षा आहे. ०.३३ वर तिघं भावंडं एकाच पीकमध्ये कोंबलेली असणार हे धरूनच चालावं. डिमेथॉक्सीकर्क्युमिनचं स्टँडर्ड (तुलनेसाठीचा ज्ञात शुद्धतेचा पदार्थ) एकट्यानं इंजेक्ट केल्यावर तेही ३.६ मिनिटांनाच आलं.

मग पीडीएनं शुद्धतेचा शेरा कसा दिला? पीक प्युरिटी म्हणजे पीकच्या चढाला, माथ्याला आणि उताराला घेतलेल्या वर्णपटांची तुलना. तिन्ही कर्क्युमिनॉइडचे वर्णपट इतके सारखे आहेत की एकाखाली दुसरं दडलं तरी ही तुलना पकडू शकत नाही. माथ्याच्या तरंगलांबीतला फरक काही नॅनोमीटरचाच आहे. एकाच घराण्यातले पदार्थ वेगळे करताना पीक प्युरिटीवर विसंबणं म्हणजे जुळ्या भावांना सावलीवरून ओळखण्यासारखं आहे. सुटी स्टँडर्ड एकेक करून इंजेक्ट करणं हाच इथला खरा पुरावा.

म्हणजे २.९ टक्के हा आकडा तिघांच्या बेरजेचा होता, अहवालात मात्र त्यापुढे 'कर्क्युमिन' लिहिलं गेलं.

दुसरा प्रयत्न : वेगळे केले, तरी २.४२

वेगळं करण्याची सुरुवात अंदाजानं करू नये. एक शोध-ग्रेडियंट, म्हणजे मोबाइल फेजचं मिश्रण हळूहळू बदलत नेणारी धाव, चालवावी : ॲसिटोनायट्राइल हे द्रावक १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत २० मिनिटांत, दुसरी बाजू ०.१ टक्के फॉर्मिक आम्लाचं पाणी. इथे तिन्ही पीक १२.६ ते १३.६ मिनिटांच्या दरम्यान आले. पहिल्या आणि शेवटच्या पीकमधलं अंतर ग्रेडियंटच्या एकूण वेळेच्या पाव भागाहून कमी असेल तर आयसोक्रॅटिक, म्हणजे एकाच ठरलेल्या मिश्रणावर, काम होतं. १ मिनिट हा २० चा विसावा भाग, तेव्हा ग्रेडियंटची गरज नाही. सुरुवातीचं मिश्रणही याच धावेतून निघतं. १३.६ मिनिटांतून कॉलमची मोकळी वेळ २.७ आणि मिक्सरपासून कॉलमपर्यंतच्या नळ्यांचा उशीर (या यंत्रावर १ मिनिट) वजा केला की ९.९ मिनिटं उरतात. मिनिटाला ४ टक्क्यांनी ९.९ मिनिटांत ३९.६ टक्के वाढ, अधिक सुरुवातीचे १०. म्हणजे जवळपास ५० टक्के. चाचण्या ४५, ५० आणि ५५ वर घ्यायच्या.

मेथनॉल सोडून ॲसिटोनायट्राइल का? या तिघांमध्ये फरक आहे तो फक्त मेथॉक्सी गटांचा, आणि त्या फरकावर ॲसिटोनायट्राइल पीक जास्त फाकवतं. मेथनॉलमध्ये ते एकमेकांच्या अंगावर येतात. शिवाय मेथनॉल-पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण ॲसिटोनायट्राइल-पाण्यापेक्षा बरंच दाट असतं, त्यामुळे त्याच प्रवाहाला पंपावर दाब खूप वाढतो.

आम्ल का, हे जास्त महत्त्वाचं आहे. कर्क्युमिनच्या मध्यभागी कीटो-ईनॉल रूपं बदलणारा डायकीटोन आहे आणि तो लोहासारख्या धातूंना पकडतो. सिलिकात धातूचे अंश असलेला जुना कॉलम असेल तर पीकला लांब शेपूट येतं. आम्लात ही पकड ढिली होते. दुसरं म्हणजे कर्क्युमिन अल्कलीत टिकत नाही. पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांवर अर्ध्या तासात त्याचा जवळपास नव्वद टक्के भाग नष्ट होतो. ०.१ टक्के फॉर्मिक आम्लाचा पीएच साधारण २.७ असतो, तिथे रेणू अभार आणि स्थिर राहतो. फॉस्फोरिक आम्लही चाललं असतं, पण फॉर्मिक उडून जाणारं असल्यानं पुढे मास स्पेक्ट्रोमीटर जोडायची वेळ आली तर मोबाइल फेज बदलावा लागत नाही.

५५ टक्क्यांवर कर्क्युमिन ७ मिनिटांना आलं, पण पहिल्या पीकचा रिटेन्शन फॅक्टर १.२ वर घसरला. ४५ वर धाव १३-१४ मिनिटांची झाली. ५० वर पहिला पीक २ च्या किंचित खालीच राहिला. म्हणून ४८:५२ ठरलं, कॉलम ३० अंशांवर. क्रम असा : बिसडिमेथॉक्सी ८.८ मिनिटांना, डिमेथॉक्सी ९.८ ला, कर्क्युमिन १०.९ ला. शेवटच्या दोघांच्या निम्म्या उंचीवरच्या रुंद्या ०.२३ आणि ०.२५ मिनिट. रेझोल्यूशन (शेजारचे पीक किती सुटे आहेत त्याचं माप) = १.१८ × (१०.९ − ९.८) ÷ (०.२३ + ०.२५) = २.७. शेजारचे पीक पायथ्यापर्यंत सुटायला १.५ पुरतो, पण कॉलम म्हातारा झाल्यावरही तो टिकावा म्हणून पद्धत बसवताना २ च्या वर मिळवून ठेवावा. कर्क्युमिनच्या पीकवरून थिऑरेटिकल प्लेट (कॉलमच्या कार्यक्षमतेचं माप) : ५.५४ × (१०.९ ÷ ०.२५)² = सुमारे १०,५००. अशा कॉलमसाठी हे चांगलं आहे.

मोबाइल फेज बनवताना एक बारकावा. ५२० मिली आम्लाचं पाणी आणि ४८० मिली ॲसिटोनायट्राइल वेगवेगळ्या सिलिंडरनं मोजून मिसळायचं. एकाच फ्लास्कमध्ये ४८० मिली घेऊन वर पाण्यानं १००० ची खूण गाठली तर मिश्रण आकसतं, त्यामुळे जास्त पाणी आत जातं आणि पीक मागे सरकतात. शिवाय मिसळताना ते चांगलंच गार पडतं. तसंच पंपाला लावलं तर गरम होताना त्यातून बुडबुडे सुटतात आणि दाब नाचतो. खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, मगच गॅस काढावा. पद्धतीच्या कागदावर 'मोजून मिसळावे' हे शब्द हवेतच, कारण दुसरा विश्लेषक दुसऱ्या रीतीनं करणार.

पीक सुटले. आर-वर्ग ०.९९९९, रिकव्हरी १००.३. आणि कर्क्युमिन २.४२ टक्के.

या वेळची चूक यंत्रात नव्हती, ती स्टँडर्डच्या बाटलीत होती. वापरलेलं 'कर्क्युमिन ९५ टक्के' हा हळदीचा अर्क होता. अशा मालाच्या लेबलवरचे ९५ टक्के बहुतेक वेळा तिघांची बेरीज असते. या बाटलीत एकटं कर्क्युमिन ७५ टक्के होतं. पीक एकत्र होते तोवर हे झाकलं गेलं, कारण नमुन्यातही बेरीज आणि स्टँडर्डमध्येही बेरीज. पीक वेगळे होताच स्टँडर्डच्या कर्क्युमिन-पीकला आपण ९५ भाग समजलो, प्रत्यक्षात ते ७५ होते. नमुन्याचं उत्तर ९५ ÷ ७५ = १.२७ पट फुगलं. १.९१ चे २.४२ झाले ते असे.

रिकव्हरी शंभर का आली, हे नवख्यांनी नीट समजून घ्यावं. नमुन्यात जे मिसळलं तेही त्याच बाटलीतलं आणि ज्यावर मोजलं तेही त्याच बाटलीतलं. चुकीच्या मापानं घातलं, चुकीच्या मापानंच मोजलं, हिशेब जुळला. कॅलिब्रेशनची रेघही सरळच येणार, कारण प्रत्येक बिंदू सारख्याच प्रमाणात चुकलेला आहे. व्हॅलिडेशनच्या कुठल्याच नेहमीच्या चाचणीत स्टँडर्डची ओळख तपासली जात नाही. ती आधीच तपासलेली असावी लागते. ४२५ नॅनोमीटरवर अल्कोहोलमधल्या शुद्ध कर्क्युमिनची एक टक्का द्रावणाची शोषकता १६०७ धरतात, म्हणजे २.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलीला सुमारे ०.४० शोषण मिळायला हवं. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि करावीच, पण तीही तिघांना वेगळं ओळखत नाही. त्यामुळे तिन्हींची सुटी स्टँडर्ड, प्रत्येकाच्या प्रमाणपत्रावर एचपीएलसी शुद्धता आणि ओलावा, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाचं एकेक इंजेक्शन, याला पर्याय नाही.

नमुना : जिथे खरा वेळ द्यायचा

हळद काढणीनंतर शिजवली जाते. त्यात कंदातला स्टार्च फुगून घट्ट होतो आणि रंग सगळ्या गरात पसरतो. वाळल्यावर तोच स्टार्च रंगाला धरून ठेवतो. भरड पुडीतून रंग पूर्ण निघत नाही याचं कारण हे. म्हणून नमुना ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून पूर्ण जाईल असा दळावा. चाळणीवर उरलेलं टाकून देऊ नये, पुन्हा दळून मिसळावं. नाहीतर आपण मऊ भागाचीच तपासणी केलेली असते.

साधारण २०० मिलिग्रॅम पूड अचूक तोलून १०० मिलीच्या अंबर फ्लास्कमध्ये घ्यायची, ७० मिली मेथनॉल घालायचं, सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या पाण्याच्या टबात) ३० मिनिटं, दर दहा मिनिटांनी हलवून. पहिल्या खेपेला १५ मिनिटं ठेवली होती. तळाचा चोथा वेगळा करून पुन्हा मेथनॉलमध्ये काढला तर त्यात ६ टक्के रंग निघाला. ३० मिनिटांनंतर चोथ्यात १ टक्क्याहून कमी उरला. चोथा दुसऱ्यांदा काढून पाहणं ही चाचणी रिकव्हरीपेक्षा जास्त बोलकी आहे. रिकव्हरीसाठी वरून घातलेलं कर्क्युमिन स्टार्चमध्ये अडकलेलं नसतंच, ते मेथनॉल पडताक्षणी विरघळतं. हळदीतलं मूळचं कर्क्युमिन निम्मं आत राहिलं तरी वरून घातलेलं शंभर टक्के परत मिळेल.

सोनिकेटरचं पाणी तापतं. फ्लास्क कोमट असताना खुणेपर्यंत मेथनॉल भरलं तर गार झाल्यावर पातळी खाली उतरते. १५ अंशांच्या फरकानं दीड-दोन टक्के, आणि उत्तर तितकंच जास्त येतं. खोलीच्या तापमानाला आल्यावरच खूण गाठायची.

नायलॉनचा फिल्टर फेनॉल गटाच्या पदार्थांना धरतो. पीटीएफई किंवा पीव्हीडीएफ, ०.४५ मायक्रॉन, पहिले २-३ मिली टाकून द्यायचे. तोच अर्क सेंट्रिफ्यूज करून, न गाळता इंजेक्ट करून तुलना करावी. दोन्हीतला फरक १ टक्क्याच्या आत असला तर फिल्टर चालतो.

गाळलेल्या अर्कातले ५ मिली घेऊन मोबाइल फेजनं १० मिली करायचे. ही पायरी वगळून थेट मेथनॉलमधला अर्क २० मायक्रोलिटर इंजेक्ट केला तेव्हा पहिल्या पीकला पुढच्या अंगानं खांदा आला. इंजेक्शनचं द्रावक मोबाइल फेजपेक्षा जोरकस असलं की नमुन्याचा थोडा भाग कॉलमच्या तोंडाशी न थांबता पुढे पळतो. १० मायक्रोलिटर आणि निम्मं मोबाइल फेज, एवढ्यानं खांदा गेला. नुसत्या पाण्यानं पातळ करायचा मोह टाळावा, कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि व्हायलमध्येच (नमुन्याच्या लहान बाटलीतच) खाली बसतं. स्टँडर्डही त्याच द्रावकात बनवावं. व्हायल अंबर रंगाची हवी. पारदर्शक व्हायल खिडकीजवळच्या ऑटोसॅम्पलरमध्ये राहिली तर रात्रभराच्या धावेत शेवटची इंजेक्शनं कमी येऊ लागतात, आणि दोष पंपाला दिला जातो.

तिसरं उत्तर : १.९१, आणि त्याचा हिशेब

स्टँडर्ड १०.२ मिलिग्रॅम, शुद्धता ९८.४ टक्के, म्हणजे १०.०४ मिलिग्रॅम १०० मिलीत. त्यातले ५ मिली घेऊन २५ केले : २०.०८ मायक्रोग्रॅम प्रति मिली. त्याच्या पीकचं क्षेत्रफळ १२,५०,०००. नमुना २००.४ मिलिग्रॅम, क्षेत्रफळ ११,९०,०००. तर व्हायलमधलं प्रमाण ०.९५२ × २०.०८ = १९.१२. दुप्पट पातळ केलं होतं म्हणून ३८.२३, १०० मिलीत ३.८२३ मिलिग्रॅम, आणि २००.४ ने भागल्यावर १.९१ टक्के. ओलावा ९ टक्के असेल तर कोरड्या वजनावर १.९१ ÷ ०.९१ = २.१० टक्के. बाकीच्या दोघांचे ०.५५ आणि ०.४५ त्यांच्या त्यांच्या स्टँडर्डवरून काढले. एकूण २.९१, कोरड्या वजनावर ३.२०. अहवालात चारही आकडे आणि प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहायचं.

व्हॅलिडेशन

औषधांसाठीचं आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मार्गदर्शन, व्हॅलिडेशनवरच्या क्यू २ ची दुसरी सुधारित आवृत्ती आणि पद्धत घडवण्यावरचं क्यू १४, नोव्हेंबर २०२३ मध्ये अंतिम झालं. मसाल्याच्या प्रयोगशाळेला ते बंधनकारक नाही. तिथे आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाची मान्यता आणि विश्लेषण-पद्धती प्रमाणित करणाऱ्या एओएसी या संस्थेचे निकष जास्त लागू पडतात. विचार मात्र दोन्हीकडे एकच : पद्धत ज्या कामासाठी आहे त्याला ती पुरते का?

रेषीयता ५, १०, २०, ३०, ४०, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीवर घेतली. आर-वर्ग पाहून समाधान मानू नये. समजा बाकी पाच बिंदू तंतोतंत आहेत आणि ५ चा बिंदू १० टक्क्यांनी चुकला आहे, तरीही आर-वर्ग ०.९९९९ येतो, हिशेब करून पाहावा. प्रत्येक बिंदू रेषेपासून किती टक्के दूर आहे ते मांडावं, आणि रेघ शून्याजवळून जाते का ते पाहावं. इथे प्रत्येक बिंदू २ टक्क्यांच्या आत हवा अशी अट ठेवली.

पुनरावृत्तीसाठी एकाच व्हायलची सहा इंजेक्शनं देणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यातून इंजेक्टर कसा चालतो तेवढं कळतं. सहा वेगळी वजनं, सहा वेगळे अर्क हवेत. इथली सहा उत्तरं १.८९, १.९३, १.९१, १.८८, १.९४, १.९०. सरासरी १.९१, आरएसडी १.२ टक्के. औषधाच्या गोळ्यांच्या तपासणीतला २ टक्क्यांचा नियम डोळे मिटून इथे लावायचा नाही. हॉर्विट्झच्या सूत्रानं २ टक्के प्रमाणाच्या घटकासाठी प्रयोगशाळा-प्रयोगशाळांमधला अपेक्षित फरक ३.६ टक्के निघतो, आणि एकाच प्रयोगशाळेतला त्याच्या निम्मा ते दोन-तृतीयांश, म्हणजे १.८ ते २.४. मर्यादा २.४ ठेवली. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या विश्लेषकानं, दुसऱ्या लॉटच्या कॉलमवर पुन्हा सहा.

अचूकतेसाठी अपेक्षित प्रमाणाच्या ५०, १०० आणि १५० टक्के पातळ्यांवर प्रत्येकी तीन नमुने, एकूण नऊ. १ टक्क्याच्या आसपासच्या घटकाला एओएसी ९७ ते १०३ टक्के रिकव्हरी मान्य करतं. सोबत चोथ्याची चाचणी जोडली, कारण वर सांगितलं तेच.

सर्वात लहान मोजता येणारं प्रमाण काढण्यात नवखे लोक तीन-तीन दिवस घालवतात. मुख्य घटक मोजणाऱ्या पद्धतीला त्याची गरज नसते. तो वेळ विशिष्टतेवर द्यावा : रिकामं द्रावक, तिन्ही स्टँडर्ड सुटी, आणि मेटॅनिल यलोचं द्रावण याच परिस्थितीत. तो कुठल्याही पीकखाली येत नाही हे क्रोमॅटोग्रामवर दाखवता आलं पाहिजे.

टिकाऊपणासाठी स्टँडर्ड आणि अर्क अंबर काचेत, थंड ठेवून २४ आणि ४८ तासांनी ताज्या स्टँडर्डशी ताडले. फरक २ टक्क्यांच्या आत असला तरच तेवढा काळ वापरायचे.

परिस्थिती थोडी हलवून पाहिल्यावर सर्वात हळवा घटक ॲसिटोनायट्राइलच निघाला. ५० टक्क्यांवर कर्क्युमिन साडेनऊला, ४६ वर साडेबाराला. रेझोल्यूशन दोन्हीकडे २ च्या वर राहिला, पण वेळ एवढा सरकत असल्यानं पीकची ओळख ठरावीक मिनिटांवरून न करता त्याच दिवशीच्या स्टँडर्डशी जुळवून करायची असं पद्धतीत लिहिलं. प्रवाह ±०.१ मिली, तापमान ±५ अंश आणि तरंगलांबी ±२ नॅनोमीटर बदलून उत्तर फारसं हललं नाही.

रोजच्या वापरात

धावेच्या (इथे, नमुन्यांच्या अख्ख्या तुकडीच्या) सुरुवातीला तिन्हींचं मिश्र स्टँडर्ड पाच वेळा : डिमेथॉक्सी आणि कर्क्युमिनमधला रेझोल्यूशन किमान २.०, टेलिंग (पीकच्या शेपटाचं माप) १.५ पर्यंत, क्षेत्रफळाचं आरएसडी १.० टक्क्यापर्यंत. दर दहा नमुन्यांनंतर स्टँडर्ड पुन्हा, आधीच्यापासून २ टक्क्यांच्या आत. नाही आलं तर मधले दहाही नमुने बाद.

हळदीतलं तेल, त्यातले टर्मेरोन, ४२५ नॅनोमीटरवर अजिबात दिसत नाहीत. ते मेथनॉलच्या अर्कात भरपूर असतात आणि ४८ टक्के ॲसिटोनायट्राइलमध्ये कॉलमवर रेंगाळतात. बेसलाइन स्वच्छ दिसते आणि कॉलम आतून तेलकट होत जातो. पंचवीस-तीस नमुन्यांनंतर पीक रुंद होऊ लागले ते यामुळे. म्हणून प्रत्येक धावेनंतर ९० टक्के ॲसिटोनायट्राइलनं वीस मिनिटं धुणं आणि पुढे गार्ड कॉलम लावणं पद्धतीचाच भाग केलं. पहिल्यांदा बसवताना एकदा २४० नॅनोमीटरवरही पाहावं, तिथे हे तेल दिसतं.

बिघाड ओळखताना आधी मोकळ्या वेळेचा (२.७ मिनिटांच्या आसपासचा) छोटा चढउतार बघायचा. तोही आणि तिन्ही पीकही एकाच प्रमाणात मागे गेले तर प्रवाह कमी झाला आहे : गळती, चेक व्हॉल्व्ह किंवा पंपाचं सील. मोकळी वेळ जागेवर आणि तिन्ही पीक सरकले तर मिश्रण किंवा कॉलमचं तापमान बदललं आहे, बहुधा नवी बाटली कोणीतरी खुणेपर्यंत पाणी ओतून बनवली असणार. वेळा सगळ्या जागेवर आणि फक्त रेझोल्यूशन घसरला तर कॉलमच्या तोंडाशी पोकळी पडली आहे किंवा कनेक्शनमध्ये फट आहे. आणि एकट्या कर्क्युमिनचंच शेपूट वाढत चाललं तर आधी आम्ल घातलं आहे का ते विचारायचं, त्यानंतर कॉलमकडे बघायचं.